कुलूप लागल्यानंतरचे ग्रंथालय

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



ग्रंथालयाविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. वाचनाचे महत्त्व आपण सर्वजण जाणता. त्यावर दरवर्षी निबंध लिहिले जातात, बक्षिसेही दिली जातात. म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मला ग्रंथालयाच्या वेळेविषयी बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल, परंतु थोडा धीर धरावा.

शाळेचे ग्रंथालय शाळेबरोबर उघडते आणि शाळेबरोबर बंद होते. आता या वेळात मोकळे कोण असते, ते पाहा. मुले वर्गात असतात. शाळा सुटली की शिकवणीला जातात. डहाणू रोडपर्यंत एप्रिल २०१३ मध्ये लोकल आली, तेव्हापासून आपल्यातील कितीतरी माणसे पहाटे गाडी पकडून दिवे लागल्यावर घरी परततात. कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात, कोणी उंबरगाव-वापीला, कोणी चिकूच्या वाडीत, तर चिंचणीकडची काही मंडळी दागिन्यांच्या डाय घडविण्यात गुंतलेली. आईला तर सुट्टी ठाऊकच नाही. म्हणजे ज्या वेळी ग्रंथालय उघडे असते, त्या वेळी वाचक मोकळा नसतो, आणि वाचक मोकळा झाला की दाराला कुलूप असते. गावातील सार्वजनिक वाचनालये सायंकाळी उघडी राहतात, हे खरे आहे. परंतु तेथे बाकावर बसून वर्तमानपत्र चाळणारी पुरुषमंडळीच बहुधा दिसतात. आठवीतली मुलगी आपल्या अम्मीला घेऊन तेथे गेली आहे, असे चित्र आपण किती वेळा पाहिले आहे?

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एकदा, शनिवारी, मगरिबच्या नमाजानंतर दोन तास आपले ग्रंथालय पुन्हा उघडावे. त्या दोन तासांत अभ्यास घ्यायचा नाही. चित्रे काढावीत, गाणे-वाजविणे ऐकावे, कोणी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी आणि ज्याला काहीच करावयाचे नसेल त्याने स्वस्थ बसावे. मुलांबरोबर पालकांनीही यावे.

ही परदेशी टूम आहे, असे कोणी म्हणेल. परदेशात असे होते, हे खरेच आहे. रशियात २०१२ पासून दरवर्षी ग्रंथालये एक रात्र उघडी ठेवतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून जानेवारीत वाचनाची रात्र साजरी होते. परंतु आपल्याच रेल्वेमार्गावरच्या बडोद्याकडे पाहा. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या खात्याची एक दृश्यशिक्षणाची शाखा होती. तिची माणसे यंत्रे घेऊन खेडोपाडी जात आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशांना चित्रे व चलत्‌चित्रे दाखवीत. वाचता न येणारा माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे, ही समजूत त्यामागे होती. आणि त्याही मागे जायचे तर कैरो येथे १००५ साली स्थापन झालेले दार-उल-इल्म घ्या. येणाऱ्याला तेथे पुस्तकांबरोबर शाई, लेखणी आणि कागद मिळत असे. म्हणजे तेथे बसून काही लिहावे, उतरवून घ्यावे, ही सोय होती. आपण मात्र टेबलावर ‘शांतता राखा’ अशी पाटी ठेवून तिच्याखाली कागदाचा एक कपटाही ठेवीत नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या तालुक्यातली कोसबाडची टेकडी आपणास ठाऊक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला आले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आले की वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण दिवसभर ती गुरांमागे असतात. मुलांना दोष देण्यापेक्षा त्यांनी शाळेचीच वेळ आणि जागा बदलली. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शिक्षक जाऊन बसू लागले. तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेला मुकते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. बिया, शिंपले, माती, पाने हेच शिक्षणाचे साहित्य आणि गाणी हा शिकविण्याचा मोठा भाग. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पुढे पद्मश्री. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. परंतु त्यांनी केले ते काय? ज्याच्यासाठी संस्था आहे त्याच्या वेळेला संस्था जुळवून घेतली. आपल्या ग्रंथालयासाठी मी तेवढेच मागत आहे.

आता चित्रे आणि गाणी कशाला, पुस्तके पुरेशी नाहीत काय, या प्रश्नाकडे येतो. येथे मला थोडे गंभीर बोलावे लागेल.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले. ते एक-दोन दिवसांत थांबले नाहीत, महिनोन्‌महिने चालले. फेब्रुवारी २०१९ च्या पहिल्याच दिवशी एकामागून एक धक्के बसले. ऐन थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपले. त्या दिवसांत मोठ्यांनी भिंतीच्या भेगा मोजल्या, नुकसानभरपाईचे अर्ज भरले. हे आवश्यकच होते. परंतु भांड्याचा आवाज झाला तरी दचकून उठणाऱ्या मुलाला मनातले कोठे सांगायचे, याची सोय कोणी केली? भूकंप तर सर्वांना कळतो. घराघरांत चालणारे लहान धक्के कळतही नाहीत. दहावीचे वर्ष, कर्ज, वडिलांचे सुटलेले काम, शेजारच्या मुलाचे गुण, हातातल्या मोबाइलवर दिसणारी दुसऱ्यांची सुखे. शिवाय वाढवणच्या बंदराची आणि बुलेट ट्रेनची चर्चा घरात चालते, तेव्हा आपली जमीन राहील की जाईल, हे कोपऱ्यात बसलेले मूल ऐकत असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि त्या यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. हा आकडा भीती घालण्यासाठी सांगत नाही. ‘आमच्या मुलाला काय कमी आहे?’ असे म्हणून आपण उठून जाऊ नये, एवढ्यासाठी सांगतो. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तो वापरण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच.

चित्राने आणि गाण्याने आजार बरा होतो, असा दावा मी करीत नाही. ज्याला औषध हवे त्याला औषधच दिले पाहिजे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलेच्या सहवासाचा मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याला उपयोग होतो, असे त्यात दिसून आले. आपल्या पूर्वजांना हे अगदीच नवे नव्हते. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरा याने १४८८ साली मोठा दवाखाना बांधविला. सतराव्या शतकातला प्रवासी एव्हलिया चेलेबी याने लिहून ठेवले आहे की तेथे मनोरुग्णांसाठी दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा ते गात-वाजवीत. ती इमारत आजही उभी आहे. तेथे आता आरोग्याचे संग्रहालय आहे.

आणि आपल्याच मातीतले उदाहरण सांगतो. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणीच आई वारली आणि त्या धक्क्याने या मुलाचे बोलणे बंद झाले. काही सांगायचे झाले की तो जमिनीवरच्या धुळीत चित्र काढून दाखवी. पुढे तो डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहावयास आला. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाष्णींचे. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिच्यावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने देवीचा चौक लिहायचा. पुरुषाने हे करण्याची रीत नव्हती. जिव्या मात्र लग्न असो वा नसो, रोज काढीत राहिले. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांच्या हाती कागद दिला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते निवर्तले, तोपर्यंत त्यांची चित्रे जगभर जाऊन आली होती.

पालकहो, पुरस्कारांकडे क्षणभर दुर्लक्ष करा. आई गमावलेले एक न बोलणारे मूल धुळीत रेघा ओढते आहे, एवढेच डोळ्यांपुढे आणा. आज असे मूल आपल्या शाळेत आले तर आपण काय करू? ‘उत्तर दे’ म्हणून उभे करू, आणि धुळीत हात घातला म्हणून रागावूही.

आपल्या संध्याकाळी चित्रांचे टेबल वारली पद्धतीनेच मांडावे, असे मला वाटते. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की साहित्य स्वस्त आहे. गेरू, तांदळाचे पीठ, डिंक, बांबूच्या काड्या आणि जाड खाकी कागद. रंगपेटी नाही म्हणून कोणी मागे राहणार नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तलासरी तालुका बहुतांशी आदिवासी आहे, डहाणूतही वारली, कोकणा, मल्हार कोळी समाज मोठा आहे. आपली मुले त्यांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसतात, एका एसटीने येतात-जातात. परंतु घरी जाणे-येणे किती? वारली चित्र आपण पिशवीवर आणि हॉटेलच्या भिंतीवर पाहतो, आणि ते काढणाऱ्या हाताला ‘मामा, जरा हे पोते उचला’ एवढेच सांगतो. तेव्हा चित्र शिकविण्यासाठी जवळच्या पाड्यावरील कोणा चित्रकार भाऊला किंवा ताईला बोलवावे, आणि गुरू म्हणून बोलवावे. खुर्ची द्यावी, मानधन द्यावे. ‘त्यांना शिकवायला काय लागते’ ही भाषा नको.

काही घरांतून जिवंत आकृती काढण्याविषयी संकोच आहे, त्याचीही मला जाणीव आहे. वारली चित्राची मूळ अक्षरे तीन : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. आपल्या मशिदींच्या जाळ्यांत आणि नक्षीत तरी दुसरे काय असते? ज्याला माणसे काढायची नसतील त्याने झाड, डोंगर, चिकूची वाडी, समुद्र काढावा. शेजारच्या टेबलावर बोरूची लेखणी आणि शाई ठेवावी, खुशखताची आवड असलेल्या एखाद्या बुजुर्गांनी तेथे बसावे. नुक्ता मोजून अलिफ किती उंच घ्यायचा, हे पाहताना मुलाचा श्वास आपोआप मंदावतो. वारली मुलाने बोरू धरून पाहावा, आपल्या मुलाने बांबूची काडी. याला मी त्या संध्याकाळची खरी कमाई म्हणेन.

संगीताच्या बाबतीत आपल्यात मतभेद आहेत. तो मसला या व्यासपीठावरून सोडविण्याचा माझा अधिकार नाही, आणि मी तो प्रयत्नही करणार नाही. व्यवहारात वाट निघू शकते. पहिला अर्धा तास हम्द, नात आणि कवितावाचन, वाद्याविना. नंतर वाद्य वाजेल तेव्हा ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी चित्रांच्या खोलीत बसावे. कोणी कोणाकडे डोळे वटारून पाहू नये. मात्र मुलांना एवढे कळू द्या की संगीत ही काही आपल्या दारात चोरून आलेली वस्तू नाही. मिरजेला हजरत ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला, आणि उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे गाणे होते. त्यांनी जात-धर्म न पाहता शिष्य घडविले. त्याच मिरजेत शिकलगार घराण्यातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवितात. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी डफ हातात घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी मुलूख जागविला. ही माणसे आपल्या मुलांच्या कानांवर कधी येतात?

आणि आपल्या गावचे वाद्य म्हणजे तारपा. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. गालांत हवा साठवून, दम न तोडता तारपकरी वाजवीत राहतो आणि नाचणारी माणसे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात, त्याला पाठ न दाखविता. ग्रंथालयात तारपा मावणार नाही, आवारात मावेल. कार्यक्रम पाहणाऱ्यांसारखे हारीने खुर्च्या मांडून बसू नये. दम कसा साठवता, भोपळा कोणता निवडता, हे मुलांनी त्या बाबांना विचारावे आणि त्यांच्या तोंडून आलेले उत्तर वहीत लिहून घ्यावे. या भागाविषयीच्या किती गोष्टी अजून पुस्तकात आलेल्याच नाहीत! त्या वह्या पुढे आपल्याच कपाटात ठेवता येतील.

आता पालकांच्या दोन शंका. पहिली, अभ्यास बुडेल. महिन्यातले दोन तास म्हणजे किती, याचा हिशेब घरी करावा आणि मोबाइलमध्ये रोज किती वेळ जातो, तोही शेजारी मांडावा. आपलाही मांडावा, केवळ मुलांचा नको. दुसरी शंका मुलींची. अंधार पडल्यावर मुलीला कसे पाठवायचे? ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. तलासरीकडच्या रस्त्यांवर रात्री काय रहदारी असते, महामार्ग ओलांडणे किती कठीण असते, हे मी पाहतो. परंतु ‘मुलींनी येऊ नये’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. आईने किंवा मोठ्या बहिणीने बरोबर यावे, एका मोहल्ल्याच्या मुली एकत्र याव्यात-जाव्यात, परतीला दोन रिक्षा संस्थेने सांगून ठेवाव्यात. ज्या संध्याकाळी मुली येणार नाहीत, ती संध्याकाळ त्या महिन्यात घेऊच नये, असे मी म्हणेन. काहींना हे कडक वाटेल. वाटू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक-दोन गोष्टी. तेथे स्पर्धा नसेल. पहिला-दुसरा क्रमांक नसेल, परीक्षक नसतील, तुमचे चित्र कोणी फळ्यावर टांगून त्याला गुण देणार नाही. कोणी फोटो काढणार नाही. तुम्हाला गाता येत नसेल तर उत्तमच, बहुतेकांना येत नाही. आणि कोणी मित्र नुसता कोपऱ्यात बसून राहिला तर ‘काय झाले?’ असे चारचौघांत विचारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, कागद पुढे सरकवा. शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. एखाद्या मुलाचे काही वेगळे जाणवले तर त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी नंतर, एकट्यात बोलावे.

खर्चाचे म्हणाल तर रंग-कागद, चहा-बिस्किटे, कलावंतांचे मानधन आणि रिक्षाभाडे. सत्कार, हारतुरे, फलक आणि पाहुण्यांची मोटार यांवर आपण एका समारंभात जे घालवितो, त्यात वर्षभराच्या संध्याकाळी निघतील. म्हणून प्रमुख पाहुणा नको. उद्घाटन नको. माझ्यासारख्याचे भाषण तर मुळीच नको.

एक मुद्दा मात्र विसरू नये. त्या दोन तासांत पुस्तकांची कपाटे उघडी असली पाहिजेत आणि देवघेवीची वहीही. मराठी, उर्दू, गुजराती, हिंदी, जी असतील ती पुस्तके टेबलावर काढून ठेवावीत. हात रंगाने भरलेले असतील तर दाराशी पाण्याची बादली आणि एक टॉवेल ठेवावा. पालकांच्या नावावरही पुस्तक द्यावे. वाचता न येणाऱ्या दादी-नानीसाठी नातवाच्या नावाने द्यावे आणि रात्री त्याने तिला वाचून दाखवावे. चार पुस्तके हरवतील, दोन फाटतील. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालांच्या पगारातून मागायची नाही, असा ठराव कार्यकारिणीने आधी करून ठेवावा. नाहीतर कपाटांना कुलपे तशीच राहतील आणि त्यांना आपण दोष देऊ शकणार नाही.

पहिली संध्याकाळ सहामाही परीक्षेनंतरच्या शनिवारी घ्यावी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी. किल्ली कोणाकडे राहील आणि शेवटचा दिवा कोण बंद करील, ही दोन नावे आज येथून उठण्यापूर्वी लिहून घ्यावीत. शेवटच्या दिव्यासाठी माझे नाव लिहिण्यास हरकत नाही.